गाडी अचानक पळणे व बंद पडणे

चालकाच्या मनात नसताना मोटारीने एकाएकी वेग घेणे आणि चालत्या गाडीचे इंजिन अवचित बंद होणे, असे हे दोन दोष. गॅरेजात पहिल्याला ‘गाडीने रेस पकडली’ म्हणतात; दुसऱ्याला ‘गाडी बंद पडते’. कधी दोन्हींचे मूळ एकच निघते. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली की तीच गाडी एकदा रेस धरून बसते आणि एकदा चौकात मान टाकते. पण बहुतेक वेळा पळण्यामागे पाय असतो आणि बंद पडण्यामागे यंत्र.

पायाला दोष देणे चालकाला पटत नाही. ‘ब्रेकच दाबला होता’ हे तो मनापासून सांगतो, कारण त्याला तसेच वाटलेले असते. प्रत्यक्षात पाय रेसच्या पेडलवर असतो, आणि घाबरला की तो त्याच पेडलवर आणखी जोर देतो. मराठवाड्यात जून 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सुलीभंजन येथे मागे येणारी मोटार वेग घेऊन दरीत कोसळली. चालवणारी शिकाऊ होती. रिव्हर्स गिअरमध्ये रेसवर पाय पडल्याचे सांगितले गेले. कुर्ल्यात 9 डिसेंबर 2024 रोजी बेस्टच्या सेवेतली इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, तेव्हाही बिनक्लचच्या गाडीची चालकाला सवय नसल्याची चर्चा झाली. क्लच असलेल्या गाडीत डावा पाय दाबला की इंजिन चाकांपासून सुटते. ऑटोमॅटिकमध्ये ती सोय नाही.

तरीही सगळे खापर चालकावर फोडणे बरोबर नाही. अमेरिकेत 1980 च्या दशकात ऑडी 5000 बद्दल ओरड झाली. 1989 च्या सरकारी अहवालाने मुख्यतः चालकांनी चुकीचे पेडल दाबल्याचे दाखवले. 2009-10 मध्ये मात्र टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, त्या पेडलखाली अडकणाऱ्या मॅट आणि चिकटणाऱ्या पेडलांमुळे. इलेक्ट्रॉनिक्सचा दोष नासाच्या तपासणीत 2011 साली सापडला नाही. जुन्या डिझेल गाडीचा प्रकार निराळाच. टर्बोतून गळलेले इंजिन ऑइल पिऊन ती किल्ली बंद केल्यावरही पळते. हवा कोंडल्याशिवाय थांबत नाही.

बंद पडण्याची कारणे साधी व पुष्कळ: चोंदलेला डिझेल फिल्टर, टाकीत उतरलेले पाणी, डिझेल लाइनने घेतलेली एअर, ढिली बॅटरी वायर, उन्हात दगा देणारा क्रँक सेन्सर. कार्ब्युरेटरच्या काळात मे महिन्यात पेट्रोल लाइनमध्येच उकळे, मग फ्युएल पंपावर ओले फडके टाकून गाडी पुढे काढत. हिंगोलीहून वारंगा फाट्याकडे भर दुपारी निघणाऱ्या आजच्या इंजेक्शनच्या गाडीला त्या फडक्याची गरज सहसा पडत नाही. इंजिन थांबले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेक एक-दोनदा मारल्यावर दगडासारखा घट्ट होतो, तो बिघडलेला नसतो.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110अ आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. एमएच-38 क्रमांकाच्या, म्हणजे हिंगोलीत नोंदलेल्या गाडीच्या मालकालाही या तरतुदीखाली तक्रार करता येते. मात्र तक्रारीआधी मॅट पाहावी.

गाडी पळू लागली तर ब्रेक एकदाच, पूर्ण जोराने दाबून धरावा. पुन्हापुन्हा मारू नये, कारण पूर्ण रेसवर व्हॅक्यूम भरून येत नाही. लगेच न्यूट्रल करावे. चालत्या गाडीत किल्ली काढू नये, स्टिअरिंगला लॉक लागतो.