न्याहारीचा इतिहास आणि वसई परिसर : भात, पाव व चहा यांच्या संदर्भात

प्रस्तावना

राजकीय इतिहासात वसईचे नाव प्रामुख्याने तीन प्रसंगी येते. 23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. आणि 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. या तिन्ही घटनांचा विपुल अभ्यास झालेला आहे. परंतु सत्तांतरांचा परिणाम सामान्य माणसाच्या सकाळच्या ताटावर काय झाला, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. दुपारच्या जेवणाला धार्मिक व कौटुंबिक विधिनियमांची चौकट असते. न्याहारी ही त्या मानाने सैल, घाईची व कामाच्या वेळेशी बांधलेली असते. म्हणूनच नवा पदार्थ प्रथम न्याहारीत शिरतो आणि समाजाचा त्याला असलेला विरोधही तेथेच प्रथम प्रकट होतो. वसई परिसराच्या आधारे ‘पारंपरिक न्याहारी’ या संकल्पनेची ऐतिहासिक तपासणी करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

न्याहारी : शब्द आणि संकल्पना

मराठीतील ‘न्याहारी’ व ‘नाश्ता’ हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले आहेत. फारसीत ‘नाहार’ व ‘नाश्ता’ या दोहोंचा मूळ अर्थ ‘सकाळपासून काहीही न खाल्लेला’, म्हणजे उपाशी, असा होतो. इंग्रजीतील ‘ब्रेकफास्ट’ आणि स्पॅनिशमधील ‘देसायुनो’ या शब्दांतही उपवास मोडण्याचीच कल्पना आहे. तुर्की भाषेतील ‘काहवाल्ती’ हा शब्द मात्र ‘कॉफीपूर्वीचे खाणे’ या अर्थाचा असून, कॉफी हे नित्याचे पेय झाल्यानंतरच तो घडला असला पाहिजे. पोर्तुगालमध्ये सकाळच्या खाण्यास ‘लहान जेवण’ म्हणतात, तर पूर्वी त्याच्याच सत्तेखाली असलेल्या ब्राझीलमध्ये ‘सकाळची कॉफी’ म्हणतात. एकाच भाषेच्या दोन प्रदेशांतील हा फरक बोलका आहे. कॉफीच्या मळ्यांनी ब्राझीलची अर्थव्यवस्था घडविली, तशीच तेथील सकाळही घडविली.

भाताचा मूळ थर

उत्तर कोकणची सकाळ मुळात तांदळाची आहे. खाचरांतील भातशेती, नारळी-पोफळीच्या व केळीच्या वाड्या आणि समुद्र या तिन्हींच्या आधारे येथील आहार सिद्ध झाला. पेज, तांदळाची भाकरी, पोहे आणि तांदळाच्या पिठाचे विविध प्रकार हे या थराचे घटक होत. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव या किनाऱ्यांवरील कोळी समाजात तांदळाच्या भाकरीसोबत सुके बोंबील किंवा सुकट असते, तर पूर्वेकडील डोंगरपट्ट्यात वारली व अन्य आदिवासी समाजांत नाचणीची भाकरी व आंबील यांना स्थान आहे. आगाशी-विरारकडील राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी हा टिकाऊ व प्रवासात उपयोगी असा या भागाचा विशेष पदार्थ होय.

या थराचे वैशिष्ट्य असे की, तो पुरातन असूनही एकाकी नाही. चीनमध्ये सकाळी तांदळाची पातळ पेज, जपानमध्ये भात व मासा, दक्षिण भारतात आंबवलेल्या तांदळाची इडली अशी भातप्रधान न्याहारीची सलग साखळी आशियाच्या मोसमी प्रदेशात आढळते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये गोव्यात प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, मिरी व जिरे घालून रुग्णाला देण्यात येणाऱ्या तांदळाच्या पाण्याचा ‘कांजी’ या नावाने उल्लेख केला आहे. याच ओर्ताकडे काही काळ मुंबई बेटाचा पट्टा होता, ही गोष्टही लक्षणीय आहे. आज पोर्तुगालमध्ये आजाऱ्याला दिले जाणारे कोंबडीचे सार ‘कांजा’ याच नावाने ओळखले जाते. अर्थात पदार्थांचा प्रवास केवळ युरोपकडून कोकणाकडे झाला नाही. तो उलट दिशेनेही झाला.

पोर्तुगीज काळ : पावाचे आगमन

1534 ते 1739 या सुमारे दोनशे वर्षांत वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. येथील तटबंदीच्या आत चर्च, मठ, इस्पितळे व अधिकाऱ्यांची घरे होती. ख्रिस्ती उपासनेत गव्हाच्या भाकरीला विधीचे स्थान असल्यामुळे पाव हे येथे प्रथमपासूनच केवळ अन्न नव्हते. मराठीतील ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतूनच आला. ‘बटाटा’ हा शब्दही त्याच वाटेने आला. अमेरिका खंडातील मिरची, बटाटा, शेंगदाणा, काजू, पपई, पेरू यांचा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रसार होण्यात पोर्तुगीज व्यापाराचा वाटा मोठा होता.

तथापि, युरोपीय पाव येथे जसाच्या तसा उतरला नाही. पीठ फुगविण्यासाठी किनाऱ्यावर सहज मिळणाऱ्या ताडी-माडीचा उपयोग करण्यात आला. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजांत प्रचलित असलेल्या फुग्यांत गव्हाचे पीठ, नारळाचे दूध व ताडीचे आंबवण एकत्र येते आणि भट्टीऐवजी कढईचा वापर होतो. चिताप या पदार्थात तर तांदळाचे पीठ व नारळाचे दूध हीच सामग्री कायम राहते. म्हणजे धर्म बदलला, आडनावे बदलली, तरी तांदूळ व नारळ हटले नाहीत. नव्या तंत्राने जुन्या सामग्रीतच आपली जागा केली. 1739 मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली. पाव मात्र राहिला, कारण तो तोवर स्थानिक हातांचा झाला होता. पुढे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडीवर निर्बंध आले आणि आंबवणाची ही जुनी रीत मागे पडून तयार यीस्टचा वापर वाढला.

पाव, चहा आणि जातीची सीमा

आज निरुपद्रवी वाटणारा पाव एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात जातिबहिष्काराचे कारण ठरू शकत होता. दादोबा पांडुरंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1849 मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. जातिभेद मानीत नाही, याची ती कसोटी होती. सभेचे कामकाज गुप्तपणे चाले. 1860 मध्ये सभासदांच्या नावांची यादी चोरीस जाऊन ती उघड होण्याची वेळ आली, तेव्हा सभा विस्कळीत झाली. पावाच्या एका तुकड्याची सामाजिक किंमत केवढी होती, हे यावरून स्पष्ट होते.

चहाची कथाही अशीच आहे. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमात उपस्थितांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेही त्या प्रसंगी हजर होते. नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले. सुधारकांच्या अग्रणीलाही एका पेल्यापायी प्रायश्चित्त घ्यावे लागावे, यातच त्या काळच्या न्याहारीचे राजकारण सामावलेले आहे.

ज्या चहाने पुण्यात वादळ उठविले, त्याचा मुंबई परिसराशी जुना योगायोगात्मक संबंध आहे. 1661 च्या विवाहकरारान्वये पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन हिच्या आंदणात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि याच राणीमुळे इंग्लंडच्या दरबारात चहापानाला प्रतिष्ठा मिळाली. भारतात मात्र चहा घरोघरी पोहोचला तो विसाव्या शतकात. 1903 च्या चहा उपकर कायद्यातून उभ्या राहिलेल्या निधीने चहाचा पद्धतशीर प्रचार झाला. पुढे हे पेय इतके आपले झाले की, ‘चहापाणी’ हा आदरातिथ्याचा पर्यायशब्द ठरला.

रेल्वे, टंचाई आणि बदललेली सकाळ

12 एप्रिल 1867 रोजी विरार ते मुंबईतील बॅकबे अशी गाडी सुरू झाली. या मार्गाने वसईची भाजी, केळी, फुले व दूध मुंबईस जाऊ लागले. मुंबईच्या सकाळचा काही भाग अशा रीतीने वसईच्या वाड्यांत व गोठ्यांत तयार होत होता. 1936 मध्ये विरारपर्यंत विजेवरील गाड्या धावू लागल्या. त्यानंतर चाकरमान्यांची संख्या वाढत गेली आणि न्याहारीची वेळ सूर्योदयाऐवजी गाडीच्या वेळापत्रकाने ठरू लागली. बसून खाण्याच्या भाकरीपेक्षा हातात धरून खाता येणाऱ्या पावाला यामुळे अनुकूलता मिळाली.

दुसरे कारण टंचाईचे होते. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तेथून येणारा तांदूळ थांबला. 1943 मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि भात खाणाऱ्या कुटुंबांना गव्हाशी जुळवून घ्यावे लागले. 1956 पासून अमेरिकेच्या पी. एल. 480 कायद्याखाली गहू आला. 1965 मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी स्थापन केली. युद्धोत्तर जपानमध्येही अमेरिकन गव्हाच्या पावाने शालेय आहारातून भातप्रधान समाजात प्रवेश केला, हे साम्य उद्बोधक आहे. अमेरिकेत स्वतः केलॉग कंपनीने 1906 पासून मक्याच्या पोह्यांना जाहिरातीच्या बळावर न्याहारीचे स्थान मिळवून दिले होते. जगभर न्याहारीचे परिवर्तन चवीपेक्षा पुरवठा, कामाची वेळ व बाजार यांनी अधिक घडविले, असे या उदाहरणांवरून म्हणता येते.

1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकण्यास सुरुवात केल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यातील पाव पोर्तुगीज वळणाचा, बटाटा व मिरची अमेरिकेतील, बेसन मात्र भारतीय. तरीही तो मराठी श्रमिकाच्या अस्मितेचे चिन्ह बनला. परमहंस सभेत जो पाव जात मोडण्याचे साधन होता, तोच सुमारे शंभर वर्षांनी जातपात न विचारता खाल्ला जाऊ लागला. उपवासाच्या साबुदाणा खिचडीचे उदाहरण याहून मार्मिक आहे. कसाव्याच्या कंदापासून होणारा साबुदाणा, शेंगदाणा, मिरची व बटाटा हे सारे घटक मूळ अमेरिका खंडातील आहेत; परंतु तिच्या पावित्र्याविषयी कोणी शंका घेत नाही.

वर्तमान स्थिती

3 जुलै 2009 रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. 2011 च्या जनगणनेनुसार तिच्या हद्दीतील लोकसंख्या 12,22,390 होती. महाराष्ट्राच्या सर्व भागांतून, तसेच गुजरात, उत्तर प्रदेश, दक्षिण भारत येथून आलेल्या कुटुंबांमुळे पोहे, इडली, ढोकळा, पुरीभाजी व वडापाव आज एकाच रस्त्यावर मिळतात. ही समृद्धी नाकारण्याचे कारण नाही. तथापि, नवे पदार्थ येत असताना मूळ थराचा आधार असलेली खाचरे व वाड्या बांधकामाखाली जात आहेत. पाव आला तेव्हा भात उभा होता, म्हणून दोहोंचा संयोग झाला. जमीनच गेली, तर फुगे व चिताप हे पदार्थ सणासमारंभापुरते उरतील, आणि त्यांच्याबरोबर कादोडी, वाडवळी या बोलींतील स्वयंपाकघराची शब्दसंपत्तीही क्षीण होईल. याच पालघर जिल्ह्यातील वाडा कोलम तांदळास 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बियाणे टिकविण्याच्या दृष्टीने ही घटना स्वागतार्ह आहे. मात्र मानांकनाने शेतजमिनीचे रक्षण आपोआप होत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, ‘पारंपरिक’ हे विशेषण पदार्थाच्या वयापेक्षा समाजाने त्याला दिलेल्या स्वीकृतीवर अवलंबून असते. दुसरा, ही स्वीकृती सहजासहजी मिळाली नाही. पाव व चहा यांच्यासाठी अनेकांना बहिष्कार व प्रायश्चित्त सोसावे लागले. अमुक अन्न आपले व अमुक परके, असा वाद आजही होतो, त्या वेळी हा इतिहास ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. तिसरा निष्कर्ष अधिक तातडीचा आहे. बाहेरून आलेल्या पदार्थाने वसईची न्याहारी कधीही नष्ट केली नाही, उलट ती वाढविली. तिला धोका आहे तो आधारभूत जमीन व पाणी नाहीसे होण्याचा. म्हणून खाद्यपरंपरेच्या जतनाचा विचार पाककृतींच्या संग्रहापाशी न थांबता भातखाचरांच्या बांधापर्यंत जावयास हवा. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल, मराठी व अर्थशास्त्र विभागांनी एकत्रितपणे वयोवृद्ध स्त्रियांच्या मौखिक साक्षी आणि गावनिहाय पिकांच्या नोंदी संकलित केल्यास या दिशेने भरीव कार्य होऊ शकेल.