अडगाव, १८०३: वकिलांचे सहा दिवस

वडनेर भोलजीहून नांदुरा ओलांडून ईशान्येला गेलं की तेल्हारा तालुक्यात अडगाव लागतं. २९ नोव्हेंबर १८०३ला इंग्रजांपुढे शिंदे-भोसल्यांची फौज इथे मोडली. लढाईचं वर्णन बरेचदा होतं; बोलणी करायला आलेल्या शिंद्यांच्या वकिलांची धडपड मात्र कुणी सांगत नाही.

१८ मे. इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलं. एक मोठं कारण माल्टा. सेंट जॉनच्या लढवय्या कॅथलिक पंथाचं हे बेट नेपोलियनने १७९८ला घेतलं, १८००ला ते इंग्रजांकडे गेलं. १८०२च्या आमियांच्या तहातल्या दहाव्या कलमाने ते पंथाला परत मिळालं, पण कागदावरच. इंग्रज शिबंदी हलली नाही. इकडे शिंद्यांच्या पदरी फ्रेंच अंमलदार असल्याने कलकत्त्याच्या इंग्रज सरकारची भीतीही वाढलेलीच होती.

२३ नोव्हेंबर. असईला इंग्रजांकडून झालेल्या पराभवाला दोन महिने झालेले. शिंद्यांचे वकील यशवंतराव घोरपडे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या छावणीत होते. युद्धबंदी ठरली. अट अशी, की शिंद्यांची फौज एलिचपूरच्या पूर्वेला दूर जाऊन राहील. भोसल्यांना यात जागा नव्हती, आणि वेलस्लीला तेच हवं होतं: दोघांची जोडी फोडायची.

२८ नोव्हेंबर. शिंद्यांचे स्वार पूर्वेला गेलेच नाहीत. शिरसोलीजवळ रघूजी भोसल्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या तळापासून ते जेमतेम दोन कोसांवर होते. वकिलाने दिलेला शब्द धन्याच्याच फौजेने पाळला नाही. माझ्या मते घात इथेच झाला.

२९ नोव्हेंबर, सकाळ. वेलस्ली कूच करतो. वकील पुन्हापुन्हा विनवतात: आमच्या फौजेवर हल्ला करू नका. त्याचं उत्तर दरवेळी एकच: भोसल्यांशी बंदी झालेली नाही आणि शिंदे अट पाळेपर्यंत त्यांच्याशीही नाही, शत्रू दिसेल तिथे मी लढणार. हातात मोडलेल्या अटीचा कागद धरून यशवंतरावांनी आणखी काय बोलावं?

दुपार. पाथर्डीला इंग्रजांचीच स्टीव्हन्सनची तुकडी येऊन मिळते. वेलस्ली बुरुजावर चढतो. शिरसोलीपलीकडे माणसांचा विस्कळीत लोंढा दिसतो. उन्हातली लांब चाल झालेली, म्हणून आज मुक्काम करायचं ठरतं. पण मराठी स्वार पुढे येऊन चकमकी करतात, आणि त्यांना हटवायला तो पुढे सरकतो तर अडगावच्या मैदानात दोन-अडीच कोस लांबीची रांग उभी! मुक्काम रद्द.

साडेचारच्या सुमारास. तोफा सुरू होतात. असईला टिकलेल्या इंग्रजांच्या तीन देशी पलटणी इथे घाबरून पळतात. वेलस्ली स्वतः त्यांना परत रांगेत आणतो. मराठ्यांसाठी हीच ती घटका होती, ती हातची गेली. भोसल्यांची अरब-पठाण तुकडी मात्र गोऱ्या पलटणींवर धावून गेली आणि कापली गेली.

सूर्यास्त. रांग फुटली. ३८ तोफा मैदानात राहिल्या. चांदण्यात कित्येक मैल पाठलाग चालला.

१५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ला देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावला शिंद्यांचा तह झाला, त्यावर सही करणाऱ्यांत यशवंतराव घोरपडे होतेच. आणि इंग्रजांनी स्वतः न पाळलेल्या कलमातलं माल्टा? ते पंथाला कधीच परत मिळालं नाही. १८१४च्या पॅरिसच्या तहाने ते इंग्रजांच्या नावावर झालं.