पीयूसी पास, तरी पेट्रोलचा वास

आजचा एपिसोड म्हणजे एका वासाचा इतिहास आहे. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड या पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात जुनी पेट्रोल पिकअप तासभर उभी राहिली की शेजारून जाताना वास येतो. खाली एक थेंब नाही, पीयूसी नुकतीच काढलेली. मग वास कुठून येतोय?

त्यासाठी आधी १९५० च्या आसपासच्या लॉस एंजेलिसला जाऊ. शहरावर धुरकं बसायचं, लोकांचे डोळे चुरचुरायचे. एरी हागेन-स्मिट हे रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या वासावर संशोधन करत होते. तेच कसब त्यांनी शहराच्या हवेवर वापरलं. न जळलेल्या इंधनाची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे इंजिन बंद करून उभी केलेली गाडीसुद्धा हवा बिघडवू शकते.

कॅलिफोर्नियानं १९७० च्या मॉडेलपासून ही वाफ अडवणं सक्तीचं केलं, १९७१ पासून ते अमेरिकाभर लागू झालं. उपाय साधा होता: सक्रिय कोळशाचा एक डबा, म्हणजे कॅनिस्टर. गाडी उभी असताना टाकीतली वाफ कोळसा धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळतं. १९९६ मध्ये तिथं ओबीडी-२ आलं, आणि साधारण १ मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीही गाडीचा कॉम्प्युटर पकडू लागला.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांखालची पीयूसी तपासणी सायलेन्सरला नळी लावते. टाकी, टोपण, पाइप यांच्याकडे ती बघतच नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं, तर ज्या फंक्शनची टेस्टच लिहिलेली नाही ते फेल कसं होणार? त्यात आपल्या पिकअप बहुतेक डिझेलवर चालत आल्या. डिझेल सहजी उडत नाही, त्यामुळे वाफेची गळती शोधायची सवयच पडली नाही.

आता इथेनॉल बघा. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, आज २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. ऊस आपल्याच शिवारातला, पण जुन्या गाडीचे रबरी होज या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. ते कडक होतात, चिरतात.

सगळ्यात जास्त धोका आहे गॅरेजमधल्या पोराला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती खड्ड्यात साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली तरी ठिणगीनं पेटते. आणि तो खाली उतरतो हातात बल्ब घेऊन. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, त्यानं रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो.

म्हणून गळती शोधायची ती गाडी थंड असताना आणि उघड्यावर. आधी टोपणाचं रबर बघा. मग पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा होज, टाकी ते कॅनिस्टरचा पाइप आणि शेवटी पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन बंद असताना पर्ज व्हॉल्व्हमधून हवा आरपार गेली, तर तो बहुधा खराब आहे. तरी सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या, चिरेतून धूर बाहेर दिसतो. पण टायरचा कॉम्प्रेसर टाकीला कधीच लावू नका. ही टेस्ट १ पीएसआयच्या आसपासच्या दाबावर होते, टायरची हवा त्याच्या कितीतरी पट. फार जुन्या गाडीत कॅनिस्टर नसेलही, तिथं टोपण आणि होज एवढंच तुमच्या हातात.

आणि पंपावर नोझल खट्कन बंद झालं की थांबा. ‘राउंड फिगर करा’ म्हणून वर ओतलेलं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरलं की कोळसा भिजतो आणि डबा वाया जातो. पाच-दहा रुपयांच्या राउंड फिगरपायी हजारोंचं काम निघतं.

ही तपासणी आपल्याकडे अजून नाकावरच चालते. तेव्हा वास आला तर ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!