गोदाखोऱ्यातील मृण्मूर्ती: पाटावरून प्रदर्शनापर्यंत

श्रावणी अमावस्येला पोळा येतो. सगळ्या मराठवाड्यात ज्या घरी बैल नाहीत तिथे पाटावर मातीची बैलजोडी पुजली जाते. कुंभार मातीच्या एकाच गोळ्यातून चार पाय ओढतो, पाठीवर चिमटीने वशिंड उभे करतो, शिंगांना बाक देतो. पुष्कळदा हा बैल भाजलाही जात नाही. उन्हात वाळवून त्यावर चुना किंवा गेरू फिरवला की तो तयार होतो. महाराष्ट्रात मातीची मूर्ती घडवण्याच्या ज्या रीती आजही चालू आहेत, त्यांतली ही फार जुनी रीत आहे.

तिचा मोठा पुरावा पुणे जिल्ह्यातील इनामगावला मिळाला. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या एका घरात जमिनीखाली कच्च्या मातीची एक डबी पुरलेली होती. डबीत स्त्रीमूर्ती होती आणि झाकणावर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. या दुसऱ्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोके होती. त्यांत काडी बसवली की देवी बैलावर स्वार होई. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील या मूर्ती न भाजताच जपून पुरलेल्या होत्या. त्या इतरांनी पाहाव्यात म्हणून घडवलेल्या नव्हत्या. त्यांचे काम घराच्या विधीपुरते होते.

सातवाहन काळात हे चित्र बदलले. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. तेर, पैठण आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन या व्यापारी नगरांत मृण्मूर्ती साच्यातून निघू लागल्या. पुढची व मागची बाजू दोन वेगळ्या साच्यांत दाबायची, दोन्ही भाग पातळ मातीने सांधायचे आणि आत पोकळी ठेवायची, अशी ही दुहेरी साच्याची पद्धत होती. तेरच्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्तींवर केशरचना, कर्णभूषणे, मेखला इतक्या बारकाईने उमटल्या आहेत की तेव्हाच्या वेशभूषेचा अभ्यास त्यांवरून करता येतो. एका साच्यातून अनेक मूर्ती निघत असल्याने त्या बाजारात विकता येऊ लागल्या. याच थरांत लज्जागौरी या शिरोहीन देवीच्या मूर्तीही आहेत. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात तिचा संबंध रेणुका आणि भूदेवीच्या उपासनेशी जोडला आहे.

नगरे ओसरली आणि पुढे मातीकाम गावगाड्यात स्थिरावले. बलुतेदार कुंभाराने वर्षभर रांजण, डेरे, मडकी, पणत्या पुरवायच्या आणि सुगीला बलुते घ्यायचे, असा व्यवहार होता. मूर्ती सणापुरती उरली: नागपंचमीचा नाग, पोळ्याचे बैल, महालक्ष्म्यांचे मुखवटे. संतपरंपरेत मात्र कुंभाराला मोठा मान मिळाला. तेरचे गोरोबाकाका (परंपरेनुसार १२६७–१३१७) हे गंगाखेडच्या जनाबाईंचे समकालीन. संतमेळ्यात त्यांनी हातातल्या थापटण्याने एकेकाचे डोके थापटून कोण पक्के आणि कोण कच्चे हे सांगितल्याची कथा घरोघरी माहीत आहे. ही पारख थेट आव्यावरची, म्हणजे कुंभाराच्या भट्टीवरची आहे. नीट भाजलेले मडके खणखणते आणि कच्चे बद्द वाजते.

मडक्यापेक्षा मूर्ती भाजणे अवघड. मडक्याची भिंत सगळीकडे सारखी पातळ असते. मूर्तीत एकीकडे बोटाएवढी शिंगे तर दुसरीकडे जाड धड असते. जाड भागात ओल राहिली तर आव्यात वाफ कोंडून मूर्ती फुटते. म्हणून धड आतून पोकळ ठेवतात आणि वाफेला वाट म्हणून भोक पाडतात. दख्खनच्या बसाल्टपासून झालेली काळी माती ओलीने फुगते आणि वाळताना तडकते. त्यामुळे कुंभार नदी-तळ्याचा गाळ घेऊन त्यात राख किंवा घोड्याची लीद मिसळतात. उघड्या आव्यात साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता मिळते. एवढ्या आचेवर माती लाल आणि सच्छिद्र राहते. पाणी न शोषणारे, दगडासारखे घट्ट भांडे किंवा शिल्प करायचे तर १,२०० अंशांच्या पुढे जाणारी बंद भट्टी लागते.

मातीची वस्तू केवळ पाहण्यासाठी मांडायची, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात मुंबईत रुजली. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने तिथे मृत्पात्रांचे काम उभे राहिले आणि अजिंठ्याच्या चित्रांतील नक्षी चकचकीत लेपाच्या भांड्यांवर उतरली. १८७२ मध्ये भायखळ्यात खुल्या झालेल्या, आज भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या संग्रहालयात ही भांडी आणि नाना जाती-धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या प्रतिकृती काचेआड आल्या. दुसरीकडे १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली आणि मातीचे शिल्प चौकात, हजारोंच्या नजरेसमोर आले. काचेआडची वस्तू टिकवायची होती. मांडवातली मूर्ती मात्र ठरल्या दिवशी पाण्यात विरघळायची होती.

स्वातंत्र्यानंतर मातीच्या वस्तू जपण्याचे आणि मातीकाम शिकवण्याचे प्रयत्न ग्रामीण भागातही सुरू झाले. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) सापडणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, नाणी आयुष्यभर गोळा केली. त्यांच्या संग्रहातून तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला गांधीवादी कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये ग्रामोदय संघ स्थापला. तिथे कुंभारांना सुधारित भट्ट्या आणि लेपांचे शिक्षण मिळाले, पुढे शहरांतले कलावंतही काम करायला येऊ लागले. भाईंदरला भट्टी चालवणारे, कुंभार कुटुंबातले ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात पहिले भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिक प्रदर्शन भरले आणि २०२४ मध्ये दुसरे दिल्लीत. त्यांत भांड्यापलीकडे गेलेल्या, दालन व्यापणाऱ्या मृत्शिल्पांना मुख्य जागा मिळाली.

अशा प्रदर्शनात शिल्पाजवळच्या पाटीवर कलावंताचे नाव, माती, भाजणीची पद्धत आणि वर्ष लिहिलेले असते. पोळ्याच्या बैलाला अशी पाटी कधी मिळाली नाही. त्याचा कर्ता गावाला ठाऊक असतो आणि पूजा झाल्यावर बैल पुन्हा मातीत जातो. म्हणून एखाद्या प्रादेशिक मृत्कला महोत्सवात मराठवाड्याच्या गावांतले काम मांडताना कुंभाराचे नाव, माती कुठल्या ओढ्याची आणि मूर्ती कोणत्या सणाची, एवढी नोंद सोबत ठेवणे आवश्यक ठरते. तेरच्या साच्यांमागचे हात आज कोणालाच ओळखता येत नाहीत. आजच्या हातांची नोंद मात्र ते काम करत असतानाच घेता येते.