नौकेच्या बुडाचा लेप : चुना, तांबे आणि कोल्हापूरचे आरमार

१/ पंचगंगेकाठच्या कसबा बावड्यात समुद्राची आठवण सहसा होत नाही. परंतु १८१२ पर्यंत मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर राज्याकडे होते. राज्याचे स्वतःचे आरमारही होते. आरमाराच्या तोफांविषयी पुष्कळ लिहिले जाते. आज त्याच्या बुडाविषयी : पाण्याखालच्या लाकडाला काय फासावे? #थ्रेड

२/ उष्ण समुद्रात लाकडी नौकेचे शत्रू दोन. पहिला टेरेडो : दिसतो किड्यासारखा, कूळ मात्र शिंपल्याचे. तो फळीत शिरून ती आतून पोखरतो. दुसरा शत्रू म्हणजे बुडाला चिकटणारे शेवाळ आणि कवचधारी जीव. त्यांच्यामुळे वेग घटतो, आणि पाठलागात वा माघारीत वेग हाच आरमाराचा प्राण.

३/ पश्चिम किनाऱ्यावरचा जुना उपाय स्वस्त होता : सागवानी फळ्या आणि त्यांवर तेलात किंवा चरबीत कालवलेल्या चुन्याचा लेप. साहित्य जवळपास मिळे. उणीव एकच, हा लेप लवकर झिजे. नौका किनाऱ्यावर ओढून, बूड खरवडून तो पुन्हा द्यावा लागे.

४/ मराठ्यांची गलबते आणि गुराबा खाड्यांत शिरणाऱ्या, उथळ बांधणीच्या होत्या. पावसाळ्यात समुद्र तसाही बंद. त्यामुळे दरवर्षीच्या डागडुजीला सवड आपोआप मिळे.

५/ या वेळापत्रकाची दखल ‘आज्ञापत्रा’त आहे. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात, १७१५-१६ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी ते लिहिले. (पंतांचे बावडा म्हणजे गगनबावडा, कसबा बावडा नव्हे!) पावसाळ्यापूर्वी आरमाराने सुरक्षित बंदरात छावणी करावी, तीही दरवर्षी एकाच बंदरात नव्हे, असे त्यात सांगितले आहे.

६/ खर्चाचा विचारही तेथेच आहे. सागवान परवानगीने तोडावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. आरमार हवे, पण रयतेच्या जिवावर नव्हे.

७/ ब्रिटिश नौदलाने वेगळी वाट धरली. १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला गेला. किडा थांबला, पण तांब्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे गंजून गेले. त्यावर तोडगा काढत १७८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत बहुतेक ताफा ताम्रमंडित झाला.

८/ पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने तांब्याची झीज रोखून दाखवली, तेव्हा बुडाला जीव पुन्हा चिकटू लागले! तांबे किंचित विरघळते, म्हणूनच ते काम करते.

९/ मग मराठा आरमार तांब्याअभावी हरले काय? नाही. १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा ‘अलार्म’चा प्रयोग व्हायचा होता. शिवाय त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते.

१०/ तात्पर्य : लेपाची किंमत केवळ साहित्याची नसते. चुन्याला दरवर्षी श्रम आणि सवड लागते. तांब्याला आरंभीच मोठे भांडवल. किनाऱ्याचे रक्षण करणाऱ्याला पहिला लेप परवडतो. वर्षानुवर्षे दूरच्या समुद्रात राहणाऱ्याला दुसऱ्यावाचून गत्यंतर नसते.

११/ आजही बुडाच्या अनेक रंगांत तांब्याचे ऑक्साइड असते. आणि कोकणात पावसाळी मासेमारीबंदी लागली की होड्या किनाऱ्यावर येतात, बुडे खरवडली जातात, नवा हात बसतो. आपल्या गावी रंगाआधी काय फासत असत? घरातल्या जाणत्यांना विचारून अवश्य लिहा.