पहिले शिवणयंत्र : ब्लाऊजआधी शिकायच्या गोष्टी

नवे शिवणयंत्र घरी येते, पहिल्याच आठवड्यात हौसेने ब्लाऊज कापायला घेतला जातो, तो बिघडतो आणि यंत्रावर आच्छादन पडते ते कायमचे. शहरांतील पुष्कळ घरांत हेच घडते. अशा वेळी ‘हात बसत नाही’ असे म्हणून शिकणारी व्यक्ती स्वतःला दोष देते किंवा यंत्र खराब निघाले असे ठरवून मोकळी होते. प्रत्यक्षात नवशिक्यांचे बहुतेक अडथळे सुईची दिशा, धाग्याचा मार्ग आणि कापडाचा स्वभाव या तीन जागी असतात. या तिन्ही गोष्टी महिनाभराच्या सरावाने समजतात. मात्र तो महिना ब्लाऊजला हात न लावता घालवावा लागतो.

घरगुती वापरासाठी मुख्यतः दोन प्रकारची यंत्रे मिळतात. एक म्हणजे काळे, ओतीव लोखंडाचे, फक्त सरळ टीप घालणारे यंत्र. ते पायाने, हाताने किंवा मोटार जोडून चालवता येते. दुसरे म्हणजे विजेवर चालणारे, हलके, झिगझॅग टाके आणि काजी करणारे यंत्र. फ्लॅटमध्ये जागा कमी असते आणि ताणल्या जाणाऱ्या कापडाला झिगझॅग टाका लागतो, म्हणून दुसऱ्या प्रकाराकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. तरीही आईचे किंवा मावशीचे जुने काळे यंत्र घरात पडून असेल, तर ते दुरुस्त करून घ्यावे आणि त्यावरच शिकावे. पायाने चालणाऱ्या यंत्राचा वेग पायांच्याच ताब्यात राहतो, त्याचे सुटे भाग सहज मिळतात आणि ते दुरुस्त करणारा कारागीरही बहुतेक पेठांत सापडतो. मोटारीचे यंत्र घेतलेच, तर वेग कमी-जास्त करण्याची सोय त्यात आहे याची खात्री करून घ्यावी.

यंत्राचा टाका कसा पडतो, हे एकदा समजले की निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात. हाताच्या शिलाईत एकच धागा कापडातून आरपार जातो. यंत्रात दोन धागे असतात, वरचा रिळाचा आणि खालचा बॉबिनचा. सुई खाली जाऊन वर येऊ लागली की तिच्याजवळ धाग्याचा छोटा फास तयार होतो. शटलचे टोक तो फास पकडते आणि बॉबिनभोवती फिरवून आणते. अशा रीतीने दोन्ही धागे कापडाच्या मध्यभागी एकमेकांत अडकतात. टोकाशी छिद्र असलेली सुई आणि दोन धाग्यांचा टाका यांचे पेटंट अमेरिकेत एलियास होवे यांनी १८४६ मध्ये घेतले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांच्या यंत्राला पेटंट मिळाले आणि पुढे त्यांचेच नाव जगभर घरोघरी पोहोचले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ मधील एका संवादात शिवणयंत्राचा अपवाद केला होता.

पहिले दोन-तीन दिवस यंत्रात धागा ओवूच नये. चाकाच्या मधला स्क्रू सैल केला की सुई थांबते आणि नुसते चाक फिरते. अशा स्थितीत पायडलवर पाय ठेवून चाक सतत आपल्या दिशेने फिरत राहील असा सराव करावा. सुरुवातीला ते हमखास उलटे फिरते आणि धागा ओवलेला असेल तर तो शटलमध्ये गुंततो. पायाला लय सापडल्यावर स्क्रू घट्ट करावा आणि वहीचे रेघांचे पान सुईखाली घेऊन बिनधाग्याची टीप रेघेवर पाडावी. नंतर चौकोन, मग वर्तुळ काढावे. कोपऱ्यावर सुई कागदातच ठेवायची, प्रेसर फूट उचलायचा आणि कागद वळवायचा. कागदाने सुई बोथट होते, त्यामुळे सरावाची सुई वेगळी ठेवणे बरे.

धागा ओवताना घाई करू नये. सुईला एका बाजूने उभी लांब खाच असते. धागा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला ही खाच यावी लागते; घरगुती सुईची वरची चपटी बाजू तिच्या विरुद्ध असते. सुई उलटी बसली किंवा पूर्ण वर सरकवली नाही, तर टाके सुटतात आणि धागा तुटतो. वरचा धागा ओवताना प्रेसर फूट उचललेला असावा, कारण तेव्हाच टेन्शनच्या चकत्या सैल असतात आणि धागा त्यांच्यामध्ये नीट बसतो. शिलाई सुरू करण्यापूर्वी खालचा धागा वर काढावा आणि दोन्ही टोके तीन-चार इंच मागे घेऊन पहिले काही टाके पडेपर्यंत धरून ठेवावीत.

कापडाच्या खाली धाग्याचा गुंता झाला की नवशिके बॉबिन काढून बसतात. ते उलटे आहे. खालच्या बाजूला धाग्याचे फास दिसत असतील, तर दोष बहुधा वरच्या धाग्याचा असतो. तो टेन्शनमधून निसटलेला असतो किंवा फारच सैल असतो. खालचा धागा वर ओढला जात असेल, तर वरचे टेन्शन जास्त झालेले असते. म्हणून तक्रार कोणतीही असो, आधी वरचा धागा पूर्ण काढून पुन्हा ओवावा, मग सुई बदलून पाहावी आणि त्यानंतरच टेन्शनच्या स्क्रूला हात लावावा. पातळ व्हॉइलला ११ क्रमांकाची सुई, नेहमीच्या सुती कापडाला १४, जीन्सला १६ क्रमांकाची सुई लागते. सुई मोडेपर्यंत वापरण्याची आपल्याकडची काटकसर महागात पडते.

तेल मशीनचेच वापरावे. खोबरेल तेल चिकट होते आणि थंडीत थिजते. मग यंत्र जड चालू लागते. तेल दिल्यानंतर चिंधीवर थोडी शिलाई करून उरलेले तेल टिपून घ्यावे. नव्या विद्युत यंत्रांबाबत मात्र सोबतच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच करावे.

सरावासाठी मांजरपाट उत्तम. तो स्वस्त असतो आणि सुईखाली घसरत नाही. जॉर्जेट किंवा साटीन पहिल्या महिन्यात घेऊच नये. सुती कापड कापण्याआधी भिजवून, वाळवून इस्त्री करावे, नाहीतर शिवलेला कपडा पहिल्याच धुण्यात आटतो. कापडाचा उभा धागा किनारीला समांतर असतो. कपड्याची लांबी त्या दिशेने ठेवली तर तो नीट पडतो. तिरके कापलेले कापड ताणले जाते. शिलाईच्या बाहेर जे जादा कापड सोडायचे, त्याला मराठीत ‘माया’ असा सुंदर शब्द आहे. अर्धा ते एक इंच माया ठेवलेली असली की चूक सुधारता येते आणि पुढे कपडा सैल करण्याचीही सोय राहते.

पहिली वस्तू कापडी पिशवी असावी. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून ती कोणत्याही घरात वाया जात नाही. नंतर उशीचा अभ्रा आणि बाळाचे झबले शिवावे. झबल्यात गळ्याचा गोल आणि तिरकी पट्टी लावणे या दोन्ही गोष्टी लहान प्रमाणात शिकता येतात. त्यानंतर सहा कळ्यांचा परकर. खरा शिक्षक तोच. लांब सरळ शिलाई, कळीची सरळ कड शेजारच्या कळीच्या तिरक्या कडेला जोडणे, नाडीचा नेफा, खालची दुमड, हे सगळे त्यात येते आणि एखादी टीप वाकडी गेली तरी ती साडीखाली झाकली जाते!

ब्लाऊज अवघड असतो तो मापांमुळे. मुंढा, टक्स आणि बाही यांत पाव इंचाची चूकही अंगावर दिसते. नेमका बसणारा एखादा जुना ब्लाऊज उसवून त्याचे भाग कागदावर उतरवून घ्यावेत आणि पहिला ब्लाऊज मांजरपाटाचाच शिवून पाहावा. साडीतले कापड त्यानंतर कापावे.

ज्यांना उत्पन्नासाठी शिकायचे आहे, त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश असून प्रशिक्षण आणि साधनांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. ही योजना मुळात हा व्यवसाय आधीपासून करणाऱ्यांसाठी आहे, हे अनेक अर्जदारांच्या उशिरा लक्षात येते. खासगी वर्गात पैसे भरण्यापूर्वी प्रत्येकीला स्वतंत्र यंत्र मिळते का आणि कापड बेतण्यासाठी मोठे टेबल आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. तिघींमध्ये एक यंत्र असेल, तर तासातला बराच वेळ दुसरीची टीप पाहण्यात जातो.