एबीआय टेस्ट म्हणजे काय? हृदयरोग्यांच्या पायातलं रक्ताभिसरण असं तपासतात

हार्ट रेट, एसपीओटू, झोप, पावलं... हे सगळं आपण मनगटावरच्या घड्याळात बघतो. घरात बाबांची अँजिओप्लास्टी किंवा आजोबांची बायपास झाली असेल, तर त्यांनाही असंच एखादं घड्याळ घेऊन देतो. पण त्यांच्या पायापर्यंत रक्त नीट पोहोचतंय का, हे ते घड्याळ सांगत नाही. ते सांगणारी एक साधी, सुई न टोचता होणारी तपासणी आहे. तिचं नाव अँकल ब्रेकियल इंडेक्स, म्हणजेच एबीआय.

हृदयाचा पेशंट, मग पाय कशाला तपासायचे?

कारण पाइपलाइन एकच आहे. हृदयाच्या धमन्यांमध्ये चरबीचा थर साचतो, तसाच तो पायाच्या धमन्यांमध्येही साचू शकतो. या आजाराला पेरिफेरल आर्टरी डिसीज, थोडक्यात पीएडी म्हणतात. २०१० साली जगात सुमारे २० कोटी लोकांना तो होता असा अंदाज आहे. हृदयासोबत पायाच्या धमन्याही अरुंद झाल्या असतील, तर त्या माणसाला हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका नुसत्या हृदयरोग्यापेक्षा जास्त असतो. म्हणजे प्रश्न फक्त पायाचा नाही. रिपोर्ट बघून डॉक्टर औषधं बदलू किंवा वाढवू शकतात.

अडचण ही की बऱ्याच जणांना काही जाणवतच नाही. चालताना पोटरीत गोळा येणं आणि थांबलं की काही मिनिटांत बरं वाटणं, हे याचं ठरलेलं लक्षण. पण हृदयाचा पेशंट धाप लागते म्हणून मुळात चालतोच कमी, मग पोटरी दुखणार कधी? आणि दुखली तरी घरात सगळे म्हणतात, "वय झालं, गुडघे गेले असतील." डायबेटीसमुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल तर जखम झालेलीही कळत नाही. म्हणूनच हृदयाच्या किंवा मानेच्या धमन्यांचा आजार आधीच असलेल्यांचा एबीआय लक्षणं नसतानाही करणं योग्य आहे, असं अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सरसकट सगळ्या निरोगी लोकांची ही तपासणी करून फायदा होतो, याला मात्र अजून पुरेसा पुरावा नाही. त्यामुळे विशीतल्या फिट वाचकांनी उगाच लॅब गाठायची गरज नाही.

टेस्ट नेमकी कशी होते?

पेशंटला पाच-दहा मिनिटं आडवं झोपवतात. मग दोन्ही दंडांचं आणि दोन्ही घोट्यांचं बीपी घेतात. पण इथे स्टेथोस्कोप नसतो, तर पेनासारखा छोटा डॉपलर प्रोब असतो. घोट्याजवळ जेल लावून तो धमनीवर धरतात. त्यातून साधारण ८ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी आत जातात आणि वाहत्या लाल पेशींवर आपटून परत येतात. पेशी हलत असल्यामुळे परत येणाऱ्या लहरींची फ्रिक्वेन्सी थोडी बदललेली असते. एसटी हॉर्न वाजवत जवळून गेली की आवाजाची पट्टी बदलते ना, तेच तत्त्व. ख्रिश्चन डॉपलरने ते १८४२ मध्ये मांडलं. गंमत म्हणजे हा फरक नेमका काही किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्या कानाला ऐकू येईल असा असतो. त्यामुळे मशीन तो थेट स्पीकरवर सोडतं आणि खोलीत "हुश्श-हुश्श" ऐकू येतं. मला या टेस्टमधला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

पट्टा फुगवला की आवाज बंद होतो. हवा हळूहळू सोडताना तो ज्या आकड्याला परत येतो, ते त्या जागेचं वरचं बीपी.

पुढे फक्त भागाकार. समजा दंडांचे आकडे १३८ आणि १४२ आले, तर मोठा म्हणजे १४२ घ्यायचा. प्रत्येक घोट्यावर दोन धमन्या मोजतात, त्यातलाही मोठा आकडा घेतात. उजवा घोटा १४८ असेल तर १४८ भागिले १४२, म्हणजे १.०४. डावा ९६ असेल तर ०.६८. १.०० ते १.४० नॉर्मल, ०.९१ ते ०.९९ सीमारेषेवर, ०.९० किंवा कमी म्हणजे पीएडी. आपल्या उदाहरणातला डावा पाय अडचणीत आहे.

१.४० च्या वर आकडा आला तर खूश होऊ नका. डायबेटीस किंवा किडनीच्या आजारात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती इतकी कडक होते की पट्ट्याने दबतच नाही, आणि आकडा खोटा वाढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं बीपी मोजतात. तिथल्या छोट्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत.

घरच्या मशीनने जमेल का?

हा प्रश्न येणारच! घरातलं डिजिटल बीपी मशीन दंडासाठी बनवलेलं असतं. पायात रक्तप्रवाह कमी असेल तर ते एरर देतं किंवा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. म्हणजे जिथे आजार आहे तिथेच ते फसवतं. पायाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावूनही भागत नाही. तो रक्तात ऑक्सिजन किती टक्के आहे ते सांगतो, रक्त किती येतंय ते नाही. प्रवाह कमी असतानाही ९८ दिसू शकतं. एबीआयची कॅल्क्युलेटर ॲप्स मिळतात, पण ती फक्त भागाकार करतात. आकडे डॉपलरचेच लागतात.

अजून एक, ऑनलाइन शॉपिंगवाल्यांसाठी. आजोबांचे पाय दुखतात म्हणून लगेच घट्ट कॉम्प्रेशन सॉक्स मागवू नका. ते शिरांच्या त्रासासाठी, व्हेरिकोज व्हेन्ससाठी असतात. धमन्याच खूप अरुंद असतील तर ते पायाला इजा करू शकतात. बधिर पायाला हीटिंग पॅड लावणंही तसंच धोक्याचं.

आणि सिगारेट-बिडी ओढणाऱ्या तरुणांनो, बर्जर नावाचा आजार बहुतेक करून पंचेचाळिशीच्या आतल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या हातापायाच्या धमन्या बंद करतो, तोही चरबीच्या थराशिवाय.

डॉक्टरांकडे पुढच्या फॉलोअपला जाताना फोनमध्ये तीन गोष्टी टिपून न्या: किती अंतर चालल्यावर पोटरी दुखते, थांबल्यावर किती मिनिटांत थांबते, आणि पायावर न भरणारी जखम आहे का. असेल तर चांगल्या उजेडात तिचा फोटो काढा. मग सरळ विचारा, "डॉक्टर, एबीआय करायचा का?"

पण पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला आणि असह्य दुखायला लागला, तर फॉलोअपची वाट बघू नका. गुठळी अडकलेली असू शकते आणि पाय वाचवायला हातात काही तासच असतात. लगेच १०८ लावा.